सहावी हरकत

राजपत्रातल्या यादीत माझं सासरचं गाव शोधायला मला पाऊण तास लागला. गावांची नावं इंग्रजी स्पेलिंगात, प्रत्येकाशेजारी जनगणनेचा लांबलचक आकडा. सावंतवाडी तालुका सापडल्यावर एकेक नाव मोठ्याने वाचत बोट खाली सरकवत गेले, तेव्हा कुठे आमचं गाव लागलं. मग माहेरचं गाव शोधायला घेतलं. ते दोडामार्ग तालुक्यात. पानं पुढे केली, मागे केली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. तो तालुकाच यादीत नव्हता.

मार्च २०१४ मधली ही गोष्ट. पश्चिम घाटातलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचा पहिला मसुदा १० मार्चला निघाला होता. त्यातलं १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातलं. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी साठ दिवसांत लेखी कळवावं, असं मसुद्यातच लिहिलेलं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. कायद्याशी माझा संबंध म्हणजे रजेचे नियम आणि पोषण आहाराची परिपत्रकं. तरी मी ते सगळं छापून घरी नेलं. कारण एक झाड होतं.

माहेरी घरामागच्या उताराला मोठा बेहडा होता. त्याच्या बुंध्यात बरीच वर, माणसाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ढोली. दरवर्षी जानेवारीच्या आसपास धनेशाची जोडी तिथे यायची. महाधनेश, तो मोठा, पिवळ्या चोचीवर शिरस्त्राण असलेला. तो येताना पंखांचा आवाज आधी येतो, लांबून आगगाडी यावी तसा. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा यांनी तोंड आतून लिंपून घेते. एक फट तेवढी उरते. पुढचे साधारण चार महिने नर त्या फटीतून तिला भरवतो. तो परतला नाही तर आत ती आणि पिल्लू, दोघांचीही वाताहत. लहानपणी परीक्षेचा अभ्यास करताना मी त्या नराच्या खेपा मोजायचे. आई म्हणायची, हा असेपर्यंत उंबराच्या बिया रानभर पडत राहतील.

२०११ च्या नोव्हेंबरात दादाने तो उतार विकला. त्याला दोष देणं मला तेव्हा फार सोपं गेलं होतं, आज जात नाही. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरायला लागले होते. एका रात्रीत केळी आडव्या, माडाची कवळी झाडं सोंडेने उपटलेली. भरपाई मिळायची, पण रात्रभर डबे वाजवत जागणाऱ्या माणसाला भरपाईच्या कागदाने झोप येत नाही. आजूबाजूचे डोंगर रबरासाठी आधीच विकले गेले होते. दादाला रोख रक्कम मिळाली, मुलीचं शिक्षण झालं. खरेदीदाराने महिन्याभरात उतार साफ केला.

जानेवारीत मी माहेरी होते. सकाळी आगगाडीचा तो आवाज आला आणि मी मागच्या पडवीत धावले. जोडी आली होती. जिथे बेहडा होता त्या मोकळ्या जागेवर दोघं घिरट्या घालत होती. समोरच्या माडावर बसली, पुन्हा उठली, पुन्हा फिरली. तीन दिवस येत राहिली. चौथ्या दिवशी आली नाहीत.

ओळखीच्या एका वनरक्षकाला मी विचारलं, हा गुन्हा नाही का? त्याने शांतपणे समजावलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात महाधनेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा शिकारच. "पण बाई," तो म्हणाला, "मादी आत बसलेली असती तर पंचनामा झाला असता. नोव्हेंबरात ढोली रिकामी. रिकाम्या भोकाला घरटं कोण म्हणणार? आणि जमीन तर मालकीची."

पक्षी कायद्याच्या पहिल्या पानावर होता आणि त्याचं झाड दादाच्या सातबाऱ्यावर. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की एखाद्या जिवाला संरक्षण देणं आणि त्याच्या जागेला संरक्षण देणं या कायद्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अभयारण्यात जागाही जपली जाते. सिंधुदुर्गात मात्र रानाचा मोठा भाग खाजगी मालकीचा. तिथे झाड तोडायला परवानगी लागते ती झाडाची जात बघून, झाडात कोण राहतं ते बघून नव्हे.

म्हणून मसुद्याकडे माझं लक्ष गेलं. अभयारण्याबाहेरच्या, माणसं राहतात अशा गावांतल्या रानाला काहीतरी आधार देणारा तो पहिलाच कागद माझ्या हातात पडत होता.

मागचा पुढचा संदर्भ लावायला मला उन्हाळ्याची अर्धी सुट्टी लागली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यांनी १,२९,०३७ चौरस किलोमीटरचा सबंध घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर पाडले होते, आणि कुठे काय चालावं हे ग्रामसभांशी बोलून ठरवावं असं सुचवलं होतं. राज्यांना ते मानवलं नाही. मग कस्तुरीरंगन यांचा कार्यगट आला. त्यांनी २०१३ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक आणि माणसाने घडवलेला असे घाटाचे दोन भाग केले, आणि ज्या गावांत संवेदनशील क्षेत्र निदान वीस टक्के आहे ती गावं निवडली. क्षेत्र साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. केरळने आपला वाटा आणखी कमी करून घेतला आणि मसुद्यात ५६,८२५ उरलं. या उतरंडीत कुठेतरी दोडामार्ग तालुका अख्खा गळला. उपग्रहाला रबराची लागवड आणि काजूच्या बागा दिसल्या असतील. त्यांच्या मधल्या ओढ्याकाठचे बेहडे, सातवीण, उंबर दिसले नसतील, असं मी स्वतःला समजावलं. पण दोडामार्गातल्या तिलारीच्या खोऱ्यात वाघ फिरतो, आणि राधानगरीकडून गोवा-कर्नाटकातल्या जंगलांकडे जायचा त्याचा रस्ता तिथूनच जातो. रस्त्याचा एक तुकडा यादीत आणि पुढचा तुकडा यादीबाहेर, हे मला आजही समजत नाही.

माझी पहिली हरकत वाचली तर आज मला वाईट वाटतं. चार पानं, सगळी त्या झाडाबद्दल. जोडीच्या घिरट्या, आईचं वाक्य, सगळं. मागणी शेवटच्या ओळीत, तीही "योग्य तो विचार व्हावा" एवढीच. ज्याच्या टेबलावर असे हजारो कागद येतात त्या माणसाने त्यातून काय उचलावं? पण मनापासून लिहिलं होतं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पावती देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली.

त्याच सुमारास ग्रामसभा झाली. मी सासरच्या गावची सून, तोवर हळदीकुंकू सोडून कधी चारचौघांत बोलले नव्हते. सभागृह भरलेलं. खालच्या वाडीतल्या एका काकांनी विचारलं, "घराचो पत्रो बदलूक पण दिल्लीक विचारूचा लागतला काय?" मी मसुद्यातलं कलम वाचून दाखवलं. बंदी आहे ती खाणी, दगड आणि वाळू उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल वर्गातले प्रदूषणकारी उद्योग यांना, आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना. आमच्या वाडीतली सगळी घरं, गोठे आणि देऊळ एकत्र केलं तरी तेवढं होत नाही. शेती बंदीच्या यादीत नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पस्तीस सेक्शनाच्या वेळाक पण असाच सांगल्यानी."

त्यावर मला उत्तर नव्हतं. सिंधुदुर्गात वन कायद्याच्या त्या पस्तिसाव्या कलमाने ज्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात खाजगी वनाचा शेरा बसला आहे, त्याला विचारा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका नोंदीने अडकते, आणि ती सोडवायला हेलपाटे घालता घालता माणूस म्हातारा होतो. सरकारच्या कागदावर माणसांचा विश्वास नाही याला कारणं आहेत, आणि ती कारणं रानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी मान्य करायला हवीत. मी त्या दिवशी केली नाहीत. मी कलमं वाचत राहिले. ठराव विरोधात गेला.

साठ दिवस संपले. काहीच झालं नाही. मला वाटायचं काहीतरी उत्तर येईल. नंतर कळलं की एकेका पत्राला उत्तर देणं नियमात नाही, सरकारने हरकतींचा विचार करायचा असतो एवढंच. त्या विचारालाही मुदत असते. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे मसुदा निघाल्यापासून ५४५ दिवसांत अंतिम अधिसूचना आली नाही तर मसुदा संपतो. तसा तो संपायला आला आणि ४ सप्टेंबर २०१५ ला दुसरा मसुदा निघाला. तोच मजकूर, पुन्हा साठ दिवस. मग २७ फेब्रुवारी २०१७. मग ३ ऑक्टोबर २०१८. मग ६ जुलै २०२२, तोवर मुदत ७२५ दिवसांची झाली होती. दर वेळी मी यादी उघडायची, बोट फिरवायचे, दोडामार्ग नाहीच हे पाहायचे आणि लिहायला बसायचे.

पण दर वेळी थोडं बरं लिहायला शिकले. कुणाला पुढे लिहायचं असेल त्याच्यासाठी हे सविस्तर सांगते. पत्राच्या वरच अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख. प्रत्येक परिच्छेदाला एकच मुद्दा, आणि तो कोणत्या कलमाबद्दल आहे त्याचा आकडा सुरुवातीला. "अमुक कलमात हे शब्द आहेत, त्याऐवजी हे शब्द असावेत," असं थेट लिहायचं. पर्यायी शब्द आपणच द्यायचे, कारण नुसता विरोध फाइलमध्ये पडून राहतो. भावना एका परिच्छेदात पुरे. पुरावा परिशिष्टात. पोस्टाने आणि ई-मेलने दोन्हीकडून पाठवायचं, मुदतीच्या निदान आठवडाभर आधी. शेवटच्या दिवशी ई-मेल परत आला तर हातात काही राहत नाही. २०१७ मध्ये माझ्यावर तसा प्रसंग आला होता. जोडलेले फोटो फार जड झाले होते. रात्री अकराला भाच्याने ते लहान करून दिले.

पुराव्यासाठी आम्ही चालायला लागलो. मी, भाचा, शाळेतली मोठी मुलं, कधीकधी तो वनरक्षक सुट्टीच्या दिवशी. ओढ्याकाठची जुनी झाडं शोधायची, ढोली दिसली की मोबाइलवर जागा टिपायची, जानेवारी ते मे लांबून बघायचं. लांबूनच. भरवायच्या काळात जवळ गेलं तर नर झाडावर यायला कचरतो, आणि तेवढा वेळ आतली उपाशी राहते. ढोलीखाली पडलेल्या बिया आणि शी बघून घरटं वापरात आहे का ते कळतं. मुलांना हे फार आवडायचं. एका मुलीने त्या बिया शाळेच्या मागे लावल्या आणि त्यातून आलेलं उंबराचं रोप आता माझ्या खांद्याला लागतं. पहिल्या दोन वर्षांत आम्हाला सात ढोल्या सापडल्या. त्यातल्या तीन माहेरच्या बाजूच्या, यादीबाहेरच्या. नदी ओलांडून तेच पक्षी इकडे फळं खायला येत होते. हा नकाशा मी तिसऱ्या हरकतीला जोडला.

या सगळ्या वर्षांत एक प्रश्न लोक मला विचारत राहिले. मसुदा असला काय आणि अंतिम असला काय, केंद्र सरकारच्या १३ नोव्हेंबर २०१३ च्या निर्देशांनी यादीतल्या गावांत नव्या खाणींना तशीही मनाई आहेच ना? आहे, आणि तिचा उपयोगही झाला. शिवाय २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं की आपल्याला विचारल्याशिवाय मसुद्यातलं क्षेत्र कमी करता येणार नाही. पण मसुद्यातलं खाणींचं कलम वाचा. चालू खाणी अंतिम अधिसूचना निघाल्यापासून पाच वर्षांत, किंवा त्याआधी भाडेपट्टा संपत असेल तर तेव्हा, बंद करायच्या आहेत. अंतिम अधिसूचनाच निघत नाही तोवर ही पाच वर्षं सुरू होत नाहीत. पहिल्या मसुद्याची मुदत संपायच्या आत ती निघाली असती तर ती पाच वर्षं २०२० मध्ये संपून गेली असती. कुणी कायदा रद्द केला नाही, कुणी कलम खोडलं नाही. फक्त तारीख पुढे गेली, आणि त्या तारखेला टांगलेलं सगळं तिच्याबरोबर पुढे गेलं. चौथ्या हरकतीत मी हेच लिहिलं, दुसरं काही नाही. एक पान. माझ्या मते ते माझं सर्वांत चांगलं पत्र होतं.

दरम्यान मूळ कायदेही बदलत होते आणि ते वाचणं माझ्या गळ्यात पडलं होतं. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती आली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या. महाधनेश पहिलीतच राहिला हे पाहून हायसं वाटलं, पण त्याच्या झाडाबद्दल तिथेही काही नव्हतं. वन संवर्धन कायद्याची दुरुस्ती २०२३ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीकडे गेली तेव्हा मी तिथेही निवेदन पाठवलं. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते वन, मालकी कुणाचीही असो. नव्या दुरुस्तीने कायद्याचा हात अधिसूचित वनांपुरता आणि सरकारी नोंदीत वन असलेल्या जमिनींपुरता आखडला. आमच्यासारख्या जिल्ह्यात, जिथे रान आहे पण नोंद नाही, तिथे याचा अर्थ काय होतो ते मी नकाशासह लिहिलं. दुरुस्ती ऑगस्टमध्ये मंजूर झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की तूर्त जुनाच व्यापक अर्थ पाळायचा. त्या रात्री मी देवापुढे दिवा लावला. नवरा म्हणाला, तूर्त आहे हां. मला तूर्तही पुरेसं होतं.

आणि पुढच्याच महिन्यात, २२ मार्च २०२४ ला, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यासाठी काही संस्थांनी कैक वर्षांपूर्वी जनहित याचिका केली होती. तिच्यातच २०१३ मध्ये तिथल्या वृक्षतोडीवर बंदी आली होती. आता न्यायालयाने सांगितलं की या पट्ट्यातली २५ गावं चार महिन्यांत संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा. मी दादाला फोन केला. निकाल वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हत्ती इलो तर तुझो कायदो येतलो काय राखणेक?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा नीट ऐकला तो तेव्हा. तेरा वर्षं मी त्याला झाडाबद्दल ऐकवत होते आणि तो मला रात्रींबद्दल सांगत होता. खरंच, मसुद्यात बंदीची कलमं आहेत, पण वाघ-हत्तींच्या वाटेत राहणाऱ्या माणसाने रात्र कशी काढावी याचं कलम नाही. धनेशाची ढोली असलेलं झाड राखणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाकाठी काही मिळावं, असं कुठे नाही. जे राखतात त्यांनाच भुर्दंड बसत असेल तर ते ठराव विरोधातच करणार.

३० जुलै २०२४ ला वायनाडला डोंगर कोसळला. दहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला आमच्याकडे माळीण गाडलं गेलं होतं. दुसऱ्या दिवसाची, ३१ जुलैची तारीख घेऊन सहावा मसुदा निघाला. त्यात वायनाडमधलीही १३ गावं आहेत. मी यादी उघडली. या वेळी आमचं गाव दोन मिनिटांत सापडलं, पान पाठ झालं होतं. दोडामार्ग तालुका याही यादीत नव्हता.

सहावी हरकत लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. तिच्यात तीन मागण्या होत्या. दोडामार्गातली गावं उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे घ्या. मसुदा मराठीत द्या आणि ग्रामसभेत वाचून मगच ठराव मागा. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं, त्याचा दाखला दिला. तिसरी मागणी नवीन होती, दादाच्या प्रश्नातून आलेली. ढोलीची झाडं आणि ओढ्याकाठचा पट्टा राखणाऱ्या मालकाला दरवर्षी मोबदला, आणि पीकनुकसानीची भरपाई ठरलेल्या दिवसांत. पर्यायी कलम मीच लिहून दिलं. भाच्याच्या वकील मैत्रिणीने त्यातले चार शब्द बदलले.

गावात सह्या गोळा करायला फिरले. पत्रा बदलण्याचा प्रश्न विचारणारे काका आता थकले आहेत. त्यांना तिसरी मागणी वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली आणि सही केली. बऱ्याच जणांनी केली नाही. मी आग्रह धरला नाही.

सप्टेंबरात, मुदत संपायला बारा दिवस असताना, माहेरी गेले. दादा पडवीत सुपाऱ्या सोलत होता. कागद पुढे केला तसा त्याने हात पुसले, चष्मा लावला, तिन्ही मागण्या वाचल्या आणि कागद परत दिला. "बाय, सही मागू नको," म्हणाला. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग तो आत गेला आणि शाळेची एक जुनी वही घेऊन आला. विकलेल्या उताराच्या खाली, ओढ्याला लागून, त्याच्या नावावर उरलेल्या तुकड्यात एक सातवीण आहे. तिच्यात ढोली आहे हे मला माहीत नव्हतं. आम्ही त्या बाजूला कधी चाललोच नव्हतो, मी मुद्दामच टाळलं होतं. वहीत चार वर्षांच्या तारखा होत्या. जोडी आली, मादी आत बसली, तोंड फुटलं, पिल्लू उडालं. एका वर्षी पिल्लापुढे फुली, आणि शेजारी "पाऊस लवकर" एवढंच.

"ह्यां लाव तुझ्या कागदाक," तो म्हणाला.

त्याने पट्टी घेतली, ती पानाच्या कडेला घट्ट धरली आणि कडेच्या तारखा तुटू नयेत म्हणून सावकाश, वरून खाली पान फाडलं.